विश्लेषण : अल्झायमर आणि पार्किन्सनची औषधे नेमके काय करतात? एका आजाराचे औषध दुसऱ्यात अपाय कसे करते?

स्मरणशक्ती हिरावून घेणारा अल्झायमर आणि हालचाली जखडून टाकणारा पार्किन्सन, म्हणजेच कंपवात, हे उतारवयात मेंदूचा हळूहळू ऱ्हास करणारे दोन प्रमुख आजार. ते मुळापासून बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र लक्षणे आटोक्यात ठेवणारी औषधे अनेक वर्षांपासून वापरात आहेत आणि त्यातील बरीचशी भारतात जेनेरिक स्वरूपात मिळतात. तरीही अनेक घरांत ‘गुण येत नाही’ म्हणून गोळी परस्पर बंद होते, नाही तर त्रास वाढला की आणखी एका डॉक्टरांची आणखी एक गोळी जोडली जाते. या औषधांचा उपयोग किती होणार हे केवळ औषधाच्या नावावर ठरत नाही. ते कोणत्या वेळी आणि कोणत्या औषधांसोबत घेतले जाते, यावरही ते ठरते.

हे आजार मेंदूत नेमके काय बिघडवतात?

ब्रिटिश डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे सविस्तर वर्णन केले, तर जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका स्मृतिभ्रंश झालेल्या महिलेच्या मेंदूतील बदल वैद्यकीय परिषदेत मांडले. पुढे दोन्ही आजारांना त्यांचीच नावे मिळाली.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक निरोप्यांमार्फत बोलतात. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतील एका काळसर भागातील पेशी मरत जातात आणि ‘डोपामाइन’ हा निरोप्या कमी पडतो. त्यामुळे हालचाली मंदावतात, अंग ताठरते, हात थरथरतात. अल्झायमरमध्ये पेशींबाहेर ‘अमायलॉइड’ आणि पेशींच्या आत ‘टाऊ’ या प्रथिनांचा साठा होतो, पेशी निकामी होतात आणि स्मृती व एकाग्रतेसाठी लागणारा ‘अ‍ॅसिटिलकोलीन’ हा निरोप्या आटतो.

बहुतेक औषधे हीच तूट भरून काढतात. गळक्या टाकीत वरून पाणी सोडत राहावे, तसे हे काम आहे. नळ चालू असेपर्यंत घरात पाणी येते, पण गळती थांबलेली नसते. म्हणूनच औषध सुरू असतानाही आजार पुढे सरकतो. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे, असा होत नाही.

अल्झायमरच्या गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवावी?

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. स्मृतिभ्रंशाचे सर्वात मोठे कारण अल्झायमर हेच आहे.

या आजारात प्रामुख्याने डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन आणि गॅलँटामाइन ही औषधे दिली जातात. अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला ती रोखतात, त्यामुळे जे काही अ‍ॅसिटिलकोलीन शिल्लक आहे ते अधिक काळ काम करते. डोनेपेझिल अमेरिकेत १९९६ पासून वापरात आहे. मध्यम ते तीव्र टप्प्यात मेमँटिन हे वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध दिले जाते. ते ‘ग्लुटामेट’ या निरोप्याचा अतिरेक आवरते. अनेकदा दोन्ही औषधे एकत्र दिली जातात.

या गोळ्यांचा परिणाम मर्यादित असतो. विसरलेले सारे परत आठवू लागत नाही. काहींच्या लक्ष देण्यात, बोलण्यात, रोजची कामे करण्यात थोडी सुधारणा दिसते. काहींची घसरण काही महिने लांबते. काहींना फारसा उपयोग होत नाही. सहा महिन्यांपूर्वी आजी स्वतः आंघोळ करत होत्या आणि आजही करतात, हे औषधाचे यश असू शकते, पण ते सहज नजरेत भरत नाही.

मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, वजन घटणे, विचित्र स्वप्ने पडणे हे दुष्परिणाम दिसू शकतात. म्हणूनच मात्रा हळूहळू वाढवली जाते. डोनेपेझिल साधारणपणे पाच मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनंतर गरजेप्रमाणे दहा मिलिग्रॅमवर नेले जाते. या गटातील औषधांनी नाडीचे ठोके मंदावू शकतात. रुग्ण अचानक भोवळ येऊन पडत असेल किंवा हृदयाचे ठोके कमी करणारी औषधे आधीपासून घेत असेल, तर डॉक्टरांना ते सांगणे आवश्यक आहे.

रिव्हास्टिग्माइन त्वचेवर लावायच्या पट्टीच्या स्वरूपातही मिळते. गोळीने पोट बिघडणाऱ्यांना ती सोयीची पडते. मात्र नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढणे विसरले, तर दुप्पट औषध अंगात जाते. त्यातून तीव्र उलट्या आणि गंभीर त्रास होऊ शकतो.

पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाचे स्थान इतके महत्त्वाचे का?

सर्पगंधा या भारतीय वनस्पतीपासून मिळणाऱ्या रेसर्पिनचा या शोधाशी संबंध आहे. १९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अरविद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामाइनवरील संशोधनासाठी कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६१ मध्ये व्हिएन्नात पार्किन्सनच्या रुग्णांना लेव्होडोपा देण्यात आले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवलेल्या मोठ्या मात्रेचा उपयोग दाखवून दिला.

डोपामाइन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइन होते. पण वाटेतच त्याचे रूपांतर झाले, तर मळमळ होते आणि औषध वाया जाते. ते टाळण्यासाठी गोळीत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड मिसळलेले असते. साठ वर्षे उलटून गेली तरी मंदपणा आणि ताठरपणा यांवर इतके परिणामकारक तोंडी औषध दुसरे नाही.

गोळीच्या वेळेवर एवढा भर का?

कार्बिडोपासोबत घेतलेले लेव्होडोपा रक्तातून निम्मे कमी व्हायला साधारण दीड तास लागतो. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतील उरलेल्या पेशी डोपामाइन साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्या पुरतात. पेशी कमी होत गेल्या की ही साठवण संपते. मग गोळीचा अंमल चढला की माणूस चालता-बोलता असतो आणि उतरला की खुर्चीतून उठणेही अवघड होते. काहींमध्ये अंमल शिगेला असताना अंगाला नको तितके हेलकावेही बसतात. या टप्प्यावर डॉक्टर मात्रा लहान करून वेळा वाढवतात. दर तीन तासांनी गोळी लिहून दिली असेल, तर अर्ध्या तासाचा उशीरही रुग्णाला जाणवतो.

जेवणाचाही संबंध आहे. प्रथिनांपासून तयार होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा हे आतड्यातून व पुढे मेंदूत एकाच दाराने आत जातात. डाळ, दूध, पनीर, अंडी किंवा मटण यांसोबत गोळी घेतली तर दारातच चढाओढ होते आणि गोळी ‘लागू पडत नाही’. त्यामुळे शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने ती घ्यायला सांगतात. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर एखादे साधे बिस्कीट चालते. प्रथिने बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही, त्याने अशक्तपणाच वाढेल. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाचे शोषण कमी करतात, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. उपवासाच्या दिवशी जेवण टळले तरी गोळीची वेळ टळता कामा नये.

रुग्णालयात दाखल झाल्यावर हीच वेळ सर्वात आधी कोलमडते. हाड मोडले म्हणून किंवा न्यूमोनिया झाला म्हणून दाखल झालेल्या रुग्णाला पार्किन्सनची गोळी वॉर्डातील ठरलेल्या फेरीलाच मिळते. ब्रिटनमध्ये यासाठी ‘गेट इट ऑन टाइम’ ही मोहीम चालवली जाते. दाखल होताना गोळ्यांचे नेमके वेळापत्रक लेखी देणे हा आपल्याकडेही सहज करता येण्याजोगा उपाय आहे.

लेव्होडोपा अचानक बंद करणे तर जिवावर बेतू शकते. तीव्र ताप, अंग लाकडासारखे होणे, शुद्ध हरपणे अशी अवस्था ओढवू शकते. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या चावून किंवा कुटून घेऊ नयेत. गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडून पर्याय विचारून घ्यावा.

लेव्होडोपाखेरीज कोणती औषधे वापरतात?

प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही औषधे डोपामाइनची नक्कल करतात. त्यांचा एक दुष्परिणाम घरच्यांना बुचकळ्यात टाकतो. काही रुग्णांना जुगाराची, ऑनलाइन खरेदीची, खाण्याची किंवा लैंगिक वर्तनाची अनावर ओढ लागते. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस अचानक पैसे उधळू लागतो. हा स्वभावाचा दोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो आणि मात्रा कमी केल्यावर बहुधा ओसरतो. बसल्या बसल्या अचानक झोप लागण्याचा धोकाही असतो, त्यामुळे वाहन चालवणाऱ्यांनी विशेष जपावे.

रासाजिलिन, सेलेजिलिन आणि साफिनामाइड ही औषधे मेंदूतील डोपामाइनचे विघटन लांबवतात. ती घेणाऱ्यांनी खोकल्याच्या औषधातील ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन’ आणि वेदनाशामक ‘ट्रॅमाडोल’ टाळावे लागते. एन्टाकापोन लेव्होडोपाचा अंमल वाढवते. त्याने लघवीचा रंग नारिंगी-तपकिरी होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अंगाचे अनावर हेलकावे कमी करण्यासाठी अमँटाडिन दिले जाते.

एका आजाराचे औषध दुसऱ्यात अपाय कसे करते?

मेंदूत हालचालींसाठी डोपामाइन आणि अ‍ॅसिटिलकोलीन यांचा तोल साधलेला असतो. अल्झायमरची औषधे अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतात, त्यामुळे काही रुग्णांची थरथर वाढू शकते. याउलट कंप कमी करण्यासाठी पूर्वापार दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल अ‍ॅसिटिलकोलीनला अडवते. तरुण रुग्णांना त्याचा उपयोग होतो. वयस्कर रुग्णांत मात्र विसराळूपणा, गोंधळ, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे असे त्रास होतात. घरच्यांना वाटते, आता अल्झायमरही झाला.

सर्वात नाजूक परिस्थिती येते ती भास होऊ लागल्यावर. पार्किन्सन बळावल्यावर अनेकांना नसलेली माणसे दिसतात. कधी हा आजाराचा भाग असतो, तर कधी औषधांचा परिणाम. अशा वेळी हॅलोपेरिडॉलसारखे मनोविकारावरचे औषध दिले, तर ते डोपामाइनचाच मार्ग अडवते आणि रुग्ण काही दिवसांत अंथरुणाला खिळू शकतो. ‘ल्युई बॉडी’ प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर अशी औषधे जीवघेणी ठरू शकतात. म्हणून आधी संसर्ग किंवा शरीरातील पाण्याची कमतरता तपासायची, मग पार्किन्सनची काही औषधे कमी करता येतात का पाहायचे आणि गरज भासलीच तर क्लोझापिन किंवा कमी मात्रेत क्वेटियापिनसारखी निवडक औषधे वापरायची, असा क्रम तज्ज्ञ पाळतात.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची चिडचिड किंवा रात्रीचे भटकणे थांबवण्यासाठीही अशी औषधे सर्रास दिली जातात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये इशारा दिला की, नव्या पिढीतील या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका १.६ ते १.७ पट वाढतो. २००८ मध्ये हा इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. ती कधीच वापरू नयेत असे नाही. पण चिडचिडीमागे दुखणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता किंवा ऐकू न येणे तर नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

साध्या वाटणाऱ्या कोणत्या गोळ्या घात करतात?

उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, अ‍ॅसिडिटी व पोटफुगीसाठीच्या कॅप्सूलमध्ये असणारे लेव्होसल्पिराइड, चक्करवरचे सिनारिझिन व प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन ही औषधे आपल्याकडे घरोघरी आढळतात. ती सारी डोपामाइनच्या कामात अडथळा आणतात. पार्किन्सनच्या रुग्णाची प्रकृती त्यांनी बिघडते. हा आजार नसलेल्या वृद्धांतही काही महिन्यांच्या वापराने हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे उभी राहू शकतात. मूळ गोळी थांबवल्यावर ही लक्षणे बहुतेकांत काही आठवडे ते महिन्यांत ओसरतात. पण कारण ओळखलेच नाही, तर अ‍ॅसिडिटीची गोळी चालूच राहते आणि तिच्या जोडीला पार्किन्सनचे औषध सुरू होते.

स्मृतिभ्रंशातही असेच घडते. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामाइन आणि लघवी आवरण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतात. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते, त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिले जाते आणि मग डोनेपेझिल निष्प्रभ होते. दोन गोळ्या एकमेकींविरुद्ध काम करत राहतात आणि रुग्णाची स्मृती मात्र खालावते. चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असल्याने ही साखळी कोणाच्याच लक्षात येत नाही.

कवचबीजाचे चूर्ण घ्यावे का?

आयुर्वेदात कंपवातावर वापरल्या जाणाऱ्या कवचबीजात, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांत, खरोखरच लेव्होडोपा असते. एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते या बियांतून वेगळे करून दाखवले होते. त्यामुळे चूर्णाने गुण येतो, हे रुग्णांचे म्हणणे निराधार नाही. अडचण मात्रेची आहे. बियांनुसार आणि चूर्णानुसार लेव्होडोपाचे प्रमाण बदलते. आधीच लेव्होडोपाच्या गोळ्या घेणाऱ्याने हे चूर्ण गुपचूप सुरू केले, तर अंगाचे हेलकावे, भास किंवा रक्तदाब घसरण्याचा त्रास होऊ शकतो. चूर्ण घेत असल्यास डॉक्टरांना ते औषध म्हणूनच सांगावे.

अल्झायमरवरील नव्या इंजेक्शनांमुळे चित्र बदलले का?

अमेरिकेत लेकॅनेमॅबला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅबला. ही प्रतिपिंडे मेंदूतील अमायलॉइड हटवतात, म्हणजे टाकीच्या गळतीलाच हात घालतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांची घसरण १८ महिन्यांत २७ टक्के मंदावली. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा होता. तो घरच्यांना जाणवेल का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सुमारे १३ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवली नाहीत, तरी काही वेळा सूज आणि रक्तस्राव गंभीर ठरतात. म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्यांसाठी ही औषधे नाहीत.

कुटुंबांनी काय करावे?

सर्व औषधांची एकच यादी करावी. त्यात मधुमेह, रक्तदाब, अ‍ॅसिडिटी, झोप आणि सर्दीच्या गोळ्या, चूर्णे, डोळ्यांत टाकायचे थेंबही असावेत. मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवावा आणि दात काढायला गेले तरी तो दाखवावा. नवी गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा महिन्यांत चालणे, झोप, वागणे बिघडले, तर आधी त्या गोळीवर संशय घ्यावा. पण कोणतीही गोळी स्वतःहून बंद न करता विचारून घ्यावे.

पार्किन्सनच्या रुग्णासाठी गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि अंग कधी मोकळे, कधी जखडलेले होते, याची तीन-चार दिवसांची नोंद तपासणीला नेली तर डॉक्टरांना वेळापत्रक बसवणे सोपे जाते. मुंबईतील ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’, पुण्यातील ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ आणि स्मृतिभ्रंशासाठी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्था रुग्ण आणि कुटुंबांसाठी काम करतात. दर सहा महिन्यांनी संपूर्ण यादी एकाच डॉक्टरांसमोर ठेवून ‘यातले काय कमी करता येईल’, असेही विचारावे. वृद्ध रुग्णाची प्रकृती अनेकदा एखादी गोळी कमी केल्यानेही सुधारते.